कुलूप उघडले, पण शिकलो काय?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखीची प्रतिकृती, पवनचक्की आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र यांच्या जोडीला आता संगणकही मांडलेले दिसतात. त्यांच्यावर मुलांनी स्वतः केलेले खेळ चालू असतात. यांपैकी 'एस्केप रूम' हा प्रकार मुलांना विशेष आवडतो, असा आमचा अनुभव आहे. पडद्यावर एक बंद खोली असते. खेळणाऱ्याने खोलीतल्या वस्तू तपासायच्या, खुणा शोधायच्या, कोडी सोडवायची, एकेक कुलूप उघडायचे आणि बाहेर पडायचे. असा खेळ नुसता खेळण्याऐवजी मुलांनीच रचावा आणि त्या निमित्ताने त्यांना कोडिंगची, म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याची, तोंडओळख व्हावी, अशी यामागची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण ती वर्गात ज्या रूपात उतरते त्याबद्दल आम्हाला काही सांगायचे आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करावी लागेल.

अशाच एका प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. सातवी-आठवीच्या मुलांनी केलेले नऊ खेळ होते. ज्या खेळाला आम्ही पहिले बक्षीस दिले त्यात जुन्या वाड्याचे सुंदर चित्र होते, दाराच्या करकरण्याचा आवाज होता, कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ होते. आठवीतल्या एका मुलीच्या खेळाला काहीच मिळाले नाही. तिची खोली म्हणजे चार रेषा आणि एक आयत. शिवाय तो खेळ आमच्यासमोरच बिघडला. आमच्या आधी एक मुलगा तो खेळून गेला होता. आम्ही बसल्यावर खेळ नव्याने सुरू केला, तर किल्ली कुठे दिसेना आणि दार मात्र आधीच सताड उघडे! मुलगी गोंधळली. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तिला संगणक बंद करायला सांगितले आणि आम्हाला पुढच्या टेबलाकडे नेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती मुलगी आम्हाला शोधत आली. म्हणाली, "सर, सापडलं. आधीच्या मुलाला किल्ली मिळाली होती ना, ते तसंच राहिलं होतं. सुरू करताना ती परत जागेवर ठेवायला पाहिजे." तोवर निकाल जाहीर झाला होता.

आयोजकांनी सर्व खेळांच्या प्रती आम्हाला दिल्या होत्या. घरी येऊन त्या शांतपणे उघडून पाहिल्या तेव्हा आमची चूक ध्यानात आली. पहिल्या बक्षिसाच्या खेळात चार कुलपे होती आणि चारही कुलपांची आज्ञावली एकच होती : प्रश्न विचारा, उत्तर बरोबर असेल तर चित्र बदला. प्रश्न सामान्यज्ञानाचे. तीन ओळींची चारदा नक्कल, बाकी सारी सजावट. त्या मुलीच्या खेळात मात्र तीन वस्तू गोळा केल्याशिवाय दार उघडत नव्हते, आणि त्या कोणत्याही क्रमाने गोळा केल्या तरी चालत होते. कोडिंग तिथे होते. आम्ही चित्राला बक्षीस देऊन आलो होतो.

हा खेळ आला कुठून?

संगणकावरचे कुलूप-किल्लीचे खेळ नवे नाहीत. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील विल्यम क्राउदर या आज्ञावलीकाराने एका गुहेत भटकण्याचा खेळ लिहिला आणि १९७७ साली डॉन वुड्स यांनी तो वाढवला. या खेळात चित्र नव्हतेच, सगळे शब्दांत. पण गुहेच्या तोंडाशी कुलूप लावलेली जाळी होती आणि तिची किल्ली दुसरीकडे शोधावी लागे. क्राउदर ज्या 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत काम करत, तिथेच १९६७ साली मुलांसाठीची 'लोगो' ही संगणकभाषा जन्मली होती. वॉली फॉइरझाइग, सीमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे जनक. पुढे २००४ साली तोशिमित्सु ताकागी या जपानी रचनाकाराच्या 'क्रिम्झन रूम' या खेळाने बंद खोलीचा प्रकार इंटरनेटवर लोकप्रिय केला आणि २००७ साली जपानमधल्याच क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी खऱ्याखुऱ्या माणसांना घेऊन असा खेळ भरवला. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने 'स्क्रॅच' लोकांसाठी खुले केले. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली जुळवण्याची ही सोय मोफत आहे, आणि संगणकावर एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. आपल्याकडील शाळांत असे खेळ बहुधा स्क्रॅचमध्येच केले जातात, म्हणून पुढील उदाहरणे त्यातलीच घेतली आहेत.

तसे पाहिले तर या खेळाची मांडणी आपल्या मुलांना परकी नाही. राक्षसाचा जीव पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा सात समुद्रांपलीकडच्या बेटावर, ही गोष्ट त्यांनी ऐकलेली असते. 'अमुक झाल्याशिवाय तमुक होणार नाही' ही साखळी तिच्यातही आहेच.

त्यातले खरे धन

नवशिक्यासाठी हा प्रकार चांगला का, ते आधी सांगू. दार उघडायचे की नाही हे ठरवायला संगणकाला काहीतरी आठवावे लागते : किल्ली मिळाली का? दिवा लावला का? चिठ्ठी वाचली का? ही आठवण ठेवण्याच्या जागेला आज्ञावलीत 'चल' म्हणतात. बीजगणितातला चल आणि हा चल यांत फरक आहे. बीजगणितात क्ष ची किंमत शोधून काढायची असते. इथे ती आपण ठेवतो, बदलतो आणि पुन्हा वाचतो. 'किल्ली' नावाच्या चलात सुरुवातीला ० असतो, ती उचलली की १ होतो. हा फरक व्याख्या पाठ करून उमगत नाही, पण हरवलेल्या किल्लीच्या निमित्ताने सहज उमगतो.

दुसरी गोष्ट अटींची. किल्ली, दिवा आणि चिठ्ठी या तिन्ही वस्तू मिळाल्या तरच दार उघडावे, असे मुलाने ठरवले. प्रत्येक वस्तू एकतर मिळाली असेल किंवा नसेल. म्हणजे एकूण २ × २ × २ = ८ स्थिती संभवतात. अटी 'आणि' या शब्दाने जोडल्या तर दार फक्त एका स्थितीत उघडते. चुकून 'किंवा' वापरले तर ते सात स्थितींत उघडते आणि एकाच स्थितीत बंद राहते. इथे भाषाही आडवी येते. "चहा घेणार की कॉफी?" असे पाहुण्याला विचारतो तेव्हा दोन्ही घ्यायचे नाहीत हे दोघांनाही कळते. संगणकाच्या 'किंवा'मध्ये मात्र दोन्हीही चालतात. रोजच्या बोलण्यातला शब्द आणि तर्कशास्त्रातला शब्द यांतले हे अंतर दाखवायला दारापेक्षा चांगले साधन क्वचितच मिळेल.

तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याने विचार करणे. खेळ रचणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, खेळणाऱ्याला नसते. खेळणारा काय काय करील याचा अंदाज बांधणे हा आज्ञावलीकाराच्या कामाचा मोठा भाग आहे.

पाणी कुठे मुरते?

असे असूनही यातले फारसे काही वर्गात उतरत नाही, याची आम्हाला तीन कारणे दिसतात.

पहिले, 'एस्केप रूम' या नावाखाली पुष्कळदा प्रश्नमंजूषाच चालते. गूगल फॉर्म्ससारख्या प्रश्नावलीच्या साधनात उत्तर जुळले तरच पुढचे पान उघडेल अशी सोय असते. तिचा उपयोग करून शिक्षकांनी उजळणीसाठी खेळ केला तर त्यात गैर काहीच नाही. पण मुलांनी अशी पाने भरली म्हणजे ती कोडिंग शिकली, असे कृपया मानू नये. साच्यात मजकूर भरणे आणि साचा घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

दुसरे, मुलांनी स्वतः आज्ञावली लिहिली तरी तिच्यात कोडे आणि विषय यांची सांगड बसत नाही. हा अनुभव जुना आहे. यास्मिन काफाई या संशोधिकेने बॉस्टनमधील एका शाळेत चौथीच्या १६ मुलांकडून लोगो भाषेत खेळ करून घेतले. लहान मुलांना अपूर्णांक शिकवणारे खेळ त्यांनी रचायचे होते. हे काम काही महिने चालले आणि त्यावरचे काफाई यांचे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. मुलांची चिकाटी त्यात स्पष्ट दिसते. पण बहुतेक खेळांत नायक कुठेतरी साहसाला निघालेला असे आणि वाटेत कोणीतरी त्याला अडवून अपूर्णांकाचा प्रश्न विचारी. प्रश्न बदलून तिथे इतिहासाची सनावळी टाकली असती तरी खेळ तसाच चालला असता. आम्ही बक्षीस दिलेला वाडा याच जातीचा होता. याचा दोष मुलांना देता येणार नाही. शाळेत त्यांनी पाहिलेला 'खेळ' बहुधा असाच असतो : प्रश्न, उत्तर, शाबासकी.

तिसरे कारण अधिक खोल आहे. बंद खोलीच्या खेळात 'अट' भरपूर असते, 'पुनरावृत्ती' फारच थोडी. आज्ञावलीशास्त्राचे निम्मे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे : हजार वेळा करायचे काम एकदाच सांगायचे. या खेळात मुले स्क्रॅचमधला 'सतत करा' हा ठोकळा लावतात, पण पुष्कळदा तो बाईंनी सांगितला म्हणून. तो काढला तर अट खेळ सुरू होताना एकदाच तपासली जाते आणि मग किल्ली मिळूनही दार उघडत नाही, हे त्यांनी कधी करून पाहिलेले नसते. केवळ एस्केप रूमवर वर्षभराचा कोडिंगचा तास उरकला, तर विद्यार्थ्याच्या ज्ञानात ही खिंड राहूनच जाणार.

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम आणण्याचे म्हटले आहे. त्यामुळे 'काहीतरी दाखवण्याजोगे' करण्याची घाई शाळांना होणे स्वाभाविक आहे, आणि दाखवण्याजोगे म्हटले की चित्र, आवाज आणि घड्याळ आलेच. पण त्या घाईत जे हरवते ते मुलाला पुन्हा सहज मिळत नाही. आपण यंत्राला काम सांगू शकतो, आणि ते चुकले तर का चुकले ते शोधूही शकतो, हा विश्वास आम्हाला यात सर्वांत मोलाचा वाटतो.

चुका हाच पाठ

आता त्या प्रदर्शनातल्या इतर खेळांत आम्हाला सापडलेल्या काही चुका सांगतो. प्रत्येकीत एकेक धडा आहे.

एका कुलपाचा आकडा ०४२ होता. नुसते ४२ टाकले तरी ते उघडले. कारण स्क्रॅचमध्ये तुलनेच्या दोन्ही बाजू संख्या म्हणून वाचता येत असतील तर त्यांची तुलना संख्या म्हणून होते आणि संख्येपुढच्या शून्याला किंमत नसते. कुलपावरचे ०४२ ही तीन चिन्हांची ओळ आहे, संख्या नव्हे. पिनकोड आणि दूरध्वनी क्रमांक यांची बेरीज आपण का करत नाही, हा प्रश्न इथे वर्गात विचारता येतो.

दुसऱ्या खेळात याच्या उलट घडले. खेळणाऱ्याने बरोबर आकडा देवनागरी अंकांत टाकला आणि कुलूप उघडेना. आपल्याला दोन्ही लिप्यांतले अंक सारखेच दिसतात. स्क्रॅचच्या लेखी मात्र फक्त इंग्रजी अंक संख्या होतात. देवनागरी अंक म्हणजे अक्षरे. मराठी माध्यमाच्या शाळेत ही चूक ठरलेलीच आहे. ती विद्यार्थ्याची नाही. खेळणारा कसे लिहील याचा विचार न करणाऱ्या रचनाकाराची आहे.

तिसऱ्या खेळात दाराची किल्ली पेटीत होती आणि पेटीची किल्ली दारापलीकडच्या खोलीत. खेळ कधीच संपणार नव्हता! रचणाऱ्या मुलांच्या हे ध्यानातही आले नव्हते, कारण त्यांनी प्रत्येक कुलूप सुटे सुटे तपासले होते. 'हे आधी, मग ते' असे बाण कागदावर काढले असते तर बाण फिरून पुन्हा पहिल्याच जागी येतात, हे दिसले असते.

आणि चौथी चूक त्या मुलीची. स्क्रॅचमध्ये खेळ थांबवला तरी चलातली किंमत पुसली जात नाही. तसेच लपवलेले चित्रही लपलेलेच राहते. म्हणून दुसऱ्या खेळाडूला किल्ली दिसली नाही आणि दार उघडे मिळाले. प्रयोगशाळेत पहिल्या गटाने वापरलेली परीक्षानळी न धुता दुसऱ्या गटाने घेतली तर काय होईल? प्रत्येक प्रयोगाची सुरुवात ज्ञात स्थितीपासून करावी, हा नियम आम्ही महाविद्यालयात शिकलो. तो त्या मुलीला आठवीतच, जेवणाच्या सुट्टीत, कोणी न सांगता कळला.

मग करावे काय?

हा उपक्रम सोडून द्यावा असे आम्ही सुचवत नाही. त्याचा क्रम बदलावा, एवढेच म्हणतो.

पहिले दोन तास संगणक सुरूच करू नये. मुलांनी तीन कुलपांची खोली कागदावर काढावी, कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर अवलंबून आहे त्याचे बाण काढावेत आणि आठही स्थितींचा तक्ता करून दार कधी उघडेल ते लिहावे. ज्या शाळेत चाळीस मुलांमागे चार संगणक आहेत, तिथे हे विशेष सोयीचे आहे. तीन कुलपांची मर्यादा मात्र पाळावी. दहा वस्तू ठेवल्या तर १,०२४ स्थिती होतात आणि त्या तपासणे कोणालाच शक्य नसते.

त्यानंतर आज्ञावली. चित्रे चौकोन-गोलांचीच असू द्यावीत. सजावट सर्वांत शेवटी, खेळ चालू लागल्यावर. तिला आमचा विरोध नाही. गोष्ट आणि चित्र यांच्या ओढीनेच कित्येक मुले या कामाला बसतात. गोष्टीसाठी मराठीच्या आणि चित्रांसाठी चित्रकलेच्या शिक्षकांना बोलावता आले तर उत्तमच.

मग एका गटाचा खेळ दुसऱ्या गटाने खेळावा, तोही सलग दोनदा. रचणाऱ्यांनी शेजारी गप्प बसून नुसते पाहावे. 'अरे, तिथे क्लिक कर' असे सांगण्यास सक्त मनाई. जिथे जिथे खेळ अडेल किंवा नको तेव्हा उघडेल, ते 'चुकांच्या वही'त लिहावे : काय घडले, का घडले, काय बदलले. गुणदान करायचे असेल तर ते या वहीवरून करावे. ज्या गटाच्या वहीत एकही चूक नाही त्याने खेळ तपासलाच नाही, असे समजायला हरकत नाही.

आणि पुनरावृत्तीची उणीव भरून काढायला एक युक्ती. एका गटाने तीन अंकी कुलूप करावे आणि दुसऱ्या गटाने ते फोडणारी आज्ञावली त्याच्या शेजारीच लिहावी. ० पासून ९९९ पर्यंत एकेक आकडा कुलपाला लावून पाहायचा आणि उघडले की थांबायचे. हाताने हेच करायचे तर एका प्रयत्नाला ५ सेकंद धरले तरी १,००० प्रयत्नांना सुमारे १ तास २३ मिनिटे लागतील. संगणकाला काही क्षण पुरतात, आणि त्यासाठी मोजके ठोकळे. पुनरावृत्ती म्हणजे काय ते मुलांना त्या क्षणी कळते. आपल्या बँकेच्या यंत्रावर चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा का असते, हेही मग ती आपणहून सांगतात. नंतर कुलूप करणारा गट धावत परत जातो आणि 'तीन चुका झाल्या की बंद' अशी अट आपल्या कुलपात घालतो. त्यासाठी त्यांना नवा चल लागतो, आणि या वेळी तो का लागतो हे त्यांना विचारावे लागत नाही.

एवढ्या सगळ्याला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. आठवड्याला एक तास मिळत असेल तर दोन महिने सहज जातील, आणि हाती येईल तो एक ओबडधोबड, तीन कुलपांचा खेळ. शाळेच्या अहवालात त्याचे छायाचित्र फार शोभणार नाही. पण तो खेळ कसा चालतो आणि कधी चालत नाही, हे सांगणारी मुले त्या वर्गात असतील.

प्रदर्शनानंतर आम्ही त्या शाळेला पत्र लिहून आमच्या निकालातली चूक कळवली आणि त्या मुलीने शोधलेली दुरुस्ती सर्व वर्गासमोर तिनेच समजावून सांगावी, अशी विनंती केली. परीक्षक म्हणून पुन्हा कुठे जाण्याचा प्रसंग आला तर प्रत्येक टेबलापाशी आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत, आणि शिक्षकांनीही तो विचारावा असे वाटते : "हा खेळ शेवटचा कधी बिघडला होता, आणि तू काय केलंस?"